रेस्ट डेची सांभारवडी

"काय झालं गा?"

स्वयंपाकघराचा पडदा कोपराने बाजूला व्हायचा आणि हा प्रश्न बाहेर यायचा. कोपराने अशासाठी, की दोन्ही हात मनगटापर्यंत बेसनात असायचे. पडद्याच्या फटीत अर्धा चेहरा, चष्म्याची एकच काच आणि तीही वाफेने आंधळी झालेली. बाहेरच्या खोलीत रेडिओभोवती आम्ही आठ-दहा जण कोंडाळं करून बसलेलो. कोणीतरी ओरडायचं, "चौकार, भाऊ!"

"कोनाचा?"

"आपला!"

"मंग ठीक हाये." पडदा पडायचा आणि आत कढईत काहीतरी चर्रकन सुटायचं.

इतकी वर्षं त्यांच्या घरी मॅच ऐकली, पण डोळ्यांसमोर आणायला गेलं की हा अर्धाच चेहरा येतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. मैफल त्याच्या घरी आणि मैफलीत तोच नाही. बाकीचे पोट धरून हसत असतात तेव्हा तो आत मीठ चाखत उभा असतो. त्याच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. माझं राहिलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

नाव सांगत नाही. कचेरीत साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. आवक-जावक विभागात बसायचे आणि दिवसभर टपालावर शिक्के मारायचे. ठेंगणे, सडपातळ, आणि गळ्यात बारा महिने मफलर. नागपूरच्या मे महिन्यात मफलर म्हणजे काय, हे ज्याने तिथला मे अंगावर काढलाय त्यालाच कळेल. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घाम पुसाले बरा असते."

मी पुण्याहून बदली होऊन आलो तेव्हा अगदी एकटा होतो. खाणावळीत जेवायचं आणि रविवारी सीताबर्डीवर उगाच चकरा मारायच्या. एका शनिवारी भाऊंनी टपालाच्या वहीवर माझी सही घेता घेता म्हटलं, "उद्या माह्या घरी या. दिवाळीले रेडिओ घेतला. मॅच ऐकू. सांभारवडी करून राहिलो."

आता पुण्याच्या माणसाला सांबार म्हणजे काय माहीत? इडलीबरोबर येतं ते. मी आपला तर्क लढवला. वडी म्हणजे वडाच असणार, सांबारात बुडवलेला. एकट्या माणसाचं घर, आठ-दहा पाहुणे, वाट्या कुठून पुरायच्या? तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने माझी स्टीलची वाटी आणि चमचा पिशवीत घालून निघालो. काटोल रोडकडच्या सरकारी वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. तिथे माझ्यासमोर आली ती पुडीसारखी घडी घातलेली, खमंग तळलेली वडी आणि तिच्या पोटात ठासून भरलेली कोथिंबीर. नागपुरात कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे मला एका शब्दाने कुणी सांगितलं नव्हतं. मी पिशवीतून वाटी काढली, पुढे धरली आणि विचारलं, "आणि सांबार?"

त्यानंतर खोलीत जे हसू फुटलं, त्यात पुढच्या दोन षटकांची कॉमेंट्री वाहून गेली. एक जण तर सतरंजीवर आडवा झाला. भाऊ तेवढे हसले नाहीत. माझ्या हातातून वाटी घेऊन ते आत गेले आणि थोड्या वेळाने तीत गरम कढी घेऊन आले.

"पुनेकराले वाटी लागते, तं वाटीत द्याले काय जाते?" ते म्हणाले. "दोन मिन्टाचं काम."

ती वाटी मग तिथेच राहिली. माझं नावही त्या दिवसापासून पुणेकर पडलं ते पडलंच. काहीही केलेलं असो, माझा वाटा त्या वाटीतूनच यायचा.

"दोन मिन्टाचं काम" हे त्यांचं दुसरं वाक्य. अहो, कसलं दोन मिनिटांचं! सांभारवडीसाठी आदल्या दिवशी गोकुळपेठेच्या बाजारातून सांभाराच्या जुड्याच्या जुड्या आणायच्या, निवडायच्या, धुवायच्या आणि जुन्या धोतरावर पसरून सुकवायच्या. पाण्याचा एक थेंब राहिला तरी वडी तेलात फुटते. मग खोबरं, तीळ, खसखस भाजायची, आलं-लसूण वाटायचं, पारी लाटायची, आतून चिंचेचा कोळ लावायचा, घडी घालायची, तळायची. हा माणूस पहाटेपासून उभा असायचा. आणि कोणी "काय भाऊ, केवढा त्रास!" म्हटलं की यांचं ठरलेलं, "काही नाही गा, दोन मिन्टाचं काम." आम्हीही मूर्ख, आम्हाला ते खरं वाटायचं.

खरंच दोन मिनिटांचा असायचा तो कच्चा चिवडा. परातीत मुरमुरे घ्यायचे, त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ, बारीक चिरलेला कांदा, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, मूठभर सांभार, आणि हाताने कालवायचं. कुणालाही जमेल. पण त्याची एक अट असते. कालवला की लगेच खायचा. दहा-पंधरा मिनिटं गेली की मुरमुरे सादळतात आणि मग त्यात काही राम राहत नाही. म्हणून भाऊ पहिला चेंडू पडायच्या वेळेलाच तो कालवायला घ्यायचे. उपाहारापर्यंत चिवडा, दुपारी आलुबोंडे, चहाच्या वेळी सांभारवडी. सगळं घड्याळाच्या काट्यावर.

आमच्या अंधश्रद्धा तर विचारू नका. एकदा गरम बोंडे बाहेर आले आणि आपला चांगला जमलेला फलंदाज बाद झाला. झालं! तेव्हापासून जोडी जमली की कोणीतरी आत ओरडायचं, "भाऊ, बोंडे थांबवा!" आणि भाऊ निमूटपणे स्टोव्ह बारीक करून उभे राहायचे. काहून, म्हणून एकदाही विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, काय दर्दी माणूस आहे!

तो दर्दी माणूस किती दर्दी होता, हे मला त्याच हिवाळ्यात कळलं.

जानेवारीत मद्रासला कसोटी होती. तोपर्यंत आम्ही फक्त रविवारी जमायचो, पण या खेपेला सणाच्या सुट्ट्या जोडून आल्या होत्या आणि भाऊंनी वर चार दिवसांची रजा टाकली होती. पाचही दिवस त्यांच्याकडेच, असं ठरलं. तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी मी विसरलेला स्वेटर आणायला गेलो.

दार उघडं होतं. सतरंजी अंथरलेली, लोड लावलेले, पाण्याचा तांब्या भरलेला. रेडिओवर कपाशीवरच्या किडीबद्दल कुणीतरी माहिती सांगत होतं. सतरंजीच्या मधोमध परात भरून कच्चा चिवडा आणि शेजारी माझी वाटी. मी एक चिमूट तोंडात टाकली. पार सादळलेला. साडेअकरा वाजून गेले होते. दहा वाजता कालवलेला असणार.

पडदा कोपराने बाजूला झाला. "ये गा पुनेकर. आज सगळ्याइलेच उशीर झाला. आन या रेडिओले काय झालं त समजत नाही. मॅचच लावून नाही राह्यला."

"भाऊ, आज रेस्ट डे आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे आराम. तीन दिवस खेळले की एक दिवस सुट्टी असते. उद्या पुन्हा खेळतील."

"खेळाले सुट्टी?" ते म्हणाले. "खेळच तं हाये ना तो."

मला हसू फुटलं. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. ते परातीकडे बघत होते. "मले वाटलं, पाच दिवस म्हंजे पाच दिवस," एवढंच म्हणाले. मग एकदम, "तू आता आलाच हायेस तं बस. वड्या तळतो," म्हणून आत गेले.

मी बसलो. एरवी भरलेल्या त्या खोलीत एकटा बसल्यावर कुठे बघावं कळत नव्हतं. काहीतरी चाळा म्हणून वाटी उचलली, ती हातातून सटकली आणि फरशीवर खणखणत गेली.

आतून आवाज आला, "काय झालं वं?"

नागपूरकरांना सांगायला नको. पण इतरांसाठी सांगतो. तिकडे पुरुषाला 'गा' म्हणतात आणि बाईला 'वं'. चार महिन्यांत एवढं मलाही कळायला लागलं होतं. स्टोव्हचा आवाज बंद झाला. मग भाऊ बाहेर आले, अर्ध्या चेहऱ्याने नव्हे, अख्खे, आणि मफलरला हात पुसत सतरंजीच्या कडेला टेकले.

"इथंच होती ती," खिडकीखालची जागा दाखवून ते म्हणाले. "दोन वर्षं. बाज होती तिची इथं. उठता येत नव्हतं. मले कुठं येत होता गा सैपाक? ती इथून सांगे आन मी आतमंदी करो. आता तीळ टाका. आता खसखस. जास्त भाजू नका. इथं भांडं वाजलं का मी आतून इचारो, काय झालं वं? ती म्हने, काही नाही, तुमी तिकडं पाहा, जळून राह्यलं." ते जरासे हसले. "सांभारवडी अशीच शिकवली तिनं, पडल्यापडल्या. मले साधली तवा तिले खाता येत नव्हतं. नुसता वास घेतला. म्हने, झाली."

मी चोवीस-पंचवीसचा होतो. मान हलवत राहिलो.

"मंग दोन्ही खोल्या एकदमच चूप झाल्या. मले क्रिकेट काही समजत नाही गा. ओव्हर म्हंजे काय ते बी नाही. पन बाहेरच्या खोलीत आवाज पायजे. आवाज असला का मले आतमंदी करता येते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोनाले सांगू नको."

"नाही सांगणार, भाऊ," मी म्हणालो. "आणि रेस्ट डेला मी येत जाईन. तुम्ही आत करा, मी बाहेर बसतो."

आणि गेलोही. तेवढं श्रेय मला द्या, कारण पुढे देण्यासारखं फारसं काही नाही. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, लग्नानंतरसुद्धा, जिथे कुठे कसोटी असेल तिचा रेस्ट डे बघून मी भाऊंकडे जायचो. रेस्ट डेला सांभारवडी दोघांपुरतीच असायची. रेडिओ बंद. मी खिडकीत बसायचो आणि आतून ठराविक वेळाने यायचं, "काय झालं गा?"

मग मी कॉमेंट्री करायचो. समोरच्या क्वार्टरमधल्या वहिनींनी गहू वाळत घातलेत. डावीकडून एक गाय येते आहे. गाय गव्हाच्या दिशेने, वहिनी आत आहेत, क्षेत्ररक्षण अगदी ढिलं. आणि तोंड घातलं! वहिनी लाटणं घेऊन बाहेर! "आउट झाली का गा?" भाऊ आतून विचारायचे. "नाही भाऊ, पळून गेली, धाव पूर्ण." आत हसता हसता त्यांना ठसका लागायचा. सबंध कचेरीत त्यांना असं हसताना कोणी ऐकलं नसेल. माझे ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

गुपित राखायला मी त्यांना एक वाक्यही शिकवून ठेवलं होतं. कुणी विचारलं, "भाऊ, काय वाटतं, जिंकू का?" तर म्हणायचं, "ते पिचवर हाये." हे इतकं चालून गेलं की विचारू नका. लोक माना डोलवायचे. पुढे पुढे भाऊ ते कचेरीतही वापरायला लागले. साहेबांनी विचारलं, "अहो, ते मुंबईचं पत्र कधी येणार?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "ते पिचवर हाये साहेब." साहेबांनीही मान डोलवली.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग नागपुरात टीव्ही आला.

आधी एखाद-दुसऱ्या बंगल्यावर, मग बघता बघता वसाहतीच्या छपरांवर अँटेना उगवले. आमच्या कोंडाळ्यातले लोक एकेक करून गळायला लागले. कुणाच्या मेव्हण्याकडे टीव्ही, कुणाच्या शेजाऱ्याकडे. भाऊंच्या सतरंजीवर आधी सहा जण उरले, मग तीन. पण ते जुन्या मापानेच करत राहिले आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यातून कचेरीत आणत राहिले. कोणी डबा उघडताना "काल किती जण होते भाऊ?" असं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यातच एका दिवसाच्या मॅचेस सुरू झाल्या. एकदा मधल्या सुट्टीत भाऊंनी मला बाजूला घेतलं.

"हे एका दिवसाचं नवीन निंगालं म्हने. यात रेस्ट डे कवा असते?"

"यात नसतो, भाऊ. सकाळी सुरू, संध्याकाळी खलास."

बोटांना लागलेली शिक्क्याची शाई त्यांनी मफलरला पुसली. "मंग तू कवा येशील?"

"अहो, येईन की! त्याला रेस्ट डे कशाला पाहिजे?" मी म्हणालो. अगदी जोरात म्हणालो, बरं का. आणि गेलो नाही. संसार होता, मुलं होती, रविवारी सासरची माणसं होती. कारणं काय, पोत्याने सापडतात.

मग माझ्याच घरी टीव्ही आला. पहिल्याच मोठ्या मॅचला मी सगळ्यांना बोलावलं, भाऊंनाही. बायकोने सँडविच केले होते, वेफर्स आणले होते. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले, खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवले. त्या हातांना काही कामच नव्हतं. दोनदा उठून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा बायकोने "अहो भाऊजी, तुम्ही बसा ना आरामात" म्हणून परत पाठवलं. समोर मॅच चालू होती. सगळे ओरडले की ते दचकायचे. विचारायचं कुणाला? आता तर सगळं डोळ्यांपुढेच दिसत होतं. अर्ध्यावरच उठले. म्हणाले, "दूध तापवाचं हाये." आणि गेले.

आता जे सांगणार आहे, ते मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.

ते गेल्यावर कोणीतरी म्हणालं, "भाऊचं आज लक्ष नव्हतं. एवढा क्रिकेटवेडा माणूस!" आणि माझ्या जिभेला काय झालं देव जाणे. घर माझं, टीव्ही माझा, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "क्रिकेटवेडा? अहो, त्यांना रेस्ट डे म्हणजे काय तेही माहीत नव्हतं!" आणि सांगितली सगळी गोष्ट. परातभर चिवडा, कपाशीवरची कीड, खेळाला सुट्टी. लोक हसून हसून लोळायला लागले. मग मला आणखी चेव आला. "पुढे तर ऐका! मी वाटी पाडली, तर आतून मला म्हणतात, काय झालं वं!" बाजेचं सांगितलं नाही. नुसतं 'वं' सांगितलं. बायकी आवाज काढून सांगितलं.

सगळ्यात मोठा हशा त्यालाच झाला. तो ओसरला तेव्हा भाऊ दारात उभे होते.

"मफलर राह्यला होता," ते म्हणाले. खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी तो उचलला, नीट गळ्याभोवती घेतला, सगळ्यांकडे बघून हसले आणि गेले. मी उठून मागे जायला हवं होतं. जिना उतरेपर्यंत गाठता आलं असतं. मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "चहा घेतोस का गा?" ओरडले असते, अबोला धरला असता तर मी पाय धरले असते. पण त्यांनी शब्द काढला नाही, मग माझ्याच्याने निघेना. आणि त्यांच्या घरची पायरी चढायची तर मला हिंमतच राहिली नाही. कसोट्या येत होत्या, रेस्ट डे येत होते. त्या दिवशी सकाळी आठवण व्हायची आणि मी मुद्दाम काहीतरी काम काढून बसायचो.

भाऊ निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण मीच केलं. सांभारवडीचं कौतुक केलं, टाळ्या घेतल्या. ते उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "माह्याकडून काही मोठं झालं नाही. सगळं दोन मिन्टाचं काम होतं." बसले. काही महिने त्यांना क्वार्टर ठेवता येणार होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, हिवाळ्यातल्या पहिल्या कसोटीच्या रेस्ट डेला जायचंच. पहिल्या कसोटीला साहेबांचा दौरा निघाला. दुसऱ्या कसोटीला माझं धाडसच झालं नाही. तिसरीच्या रेस्ट डेला मात्र मी रजा टाकली, गोकुळपेठेतून सांभाराच्या चार जुड्या घेतल्या आणि सायकल काढली.

दाराला कुलूप होतं. समोरच्या वहिनी, त्याच गव्हाच्या, बाहेर आल्या. त्यांचे केस आता पांढरे झाले होते.

"भाऊ गेले ना काटोलले, पुतन्याकडे. आठ दिवस झाले. तुमीच का ते पुनेकर?"

"हो."

"थांबा." त्या आत गेल्या आणि माझी स्टीलची वाटी घेऊन आल्या. चिंचेने घासून लख्ख केलेली. "म्हने, रेस्ट डेले पुनेकर येईन, त्याले द्या. माग दोन खेपा वाट पाहून राह्यले होते. पेपरात पाहून बराबर दिवस काढत होते. दार उघडं ठेवून आतमंदी तळत बसत. मी इचारलं, भाऊ, एकट्यानं एवढं काहून करता? तं म्हने, दोन मिन्टाचं काम."

"आणखी काही म्हणाले?"

"नाही बा. वाटी इसरू नका म्हने. पुनेकराले वाटी लागते."

मी वाटी पिशवीत टाकली. सांभाराच्या जुड्या वहिनींना दिल्या आणि परत आलो.

काटोल काही काळं पाणी नव्हे. बसने दोन तासही लागत नाहीत. बाजाराच्या दिवशी माणसं संत्री घेऊन येतात आणि संध्याकाळी परत जातात. पण मी येत्या रविवारी, येत्या रविवारी करत राहिलो. दीड वर्षाने कचेरीतल्या शिपायाने येऊन सांगितलं, "साहेब, आपले भाऊ गेले ना." अचानकच गेले म्हणे, फार त्रास न होता. मला माफी मागायची होती त्यांची. इतकंच काम होतं माझं त्यांच्याकडे, आणि ते खरोखरच दोन मिनिटांचं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका मॅचच्या दिवशी माझ्या घरी पुन्हा सगळे जमले होते. मी बायकोला म्हटलं, आज तू बस, मी करतो. परातीत मुरमुरे घेतले, कच्चं तेल, तिखट, मीठ, कांदा, सांभार. हाताने कालवत होतो, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत एकदम आरडाओरडा झाला. दोन्ही हात तेला-तिखटात. मी कोपराने पडदा सारला आणि माझ्या पुणेरी तोंडातून आपोआप निघून गेलं, "काय झालं गा?"

कुणीच मागे वळून पाहिलं नाही. सगळे टीव्हीकडे बघत होते आणि आवाज मोठा होता. मी पुन्हा एकदा विचारलं, जरा मोठ्याने. मग पडदा सोडला आणि ओट्याशी येऊन उभा राहिलो. भाऊंकडून परत आलेली ती वाटी भरून ठेवली होती. कुणीतरी उत्तर देईल म्हणून मी बराच वेळ थांबलो, तोवर चिवडा सादळून गेला.